मास्तर हरिपाठाला बाहेर उभे राहतात

पत्र थोडक्यात : सांगली शहरातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५४, एका छोट्या धार्मिक ट्रस्टच्या सेक्रेटरी. त्यांचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, माळकरी होते. २००५ च्या महापुरानंतर आबांनी एका दवाखान्याजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी संध्याकाळचं मोफत जेवण सुरू केलं. आबा गेले, काम चालू आहे. रोज दीडशेच्या आसपास माणसं जेवतात. आधी विठ्ठलाच्या फोटोपुढे हरिपाठ, मग ताटं. वीस-बावीस सेवेकरी आहेत, त्यातल्या दोघांवरून सध्या वाद पेटला आहे. एक निवृत्त शिक्षक, 'मास्तर'. सहा वर्षं मंडईतून भाजी आणणं आणि रोजचा हिशेब त्यांच्याकडे. देव मानत नाहीत आणि ते लपवतही नाहीत. हरिपाठ सुरू झाला की बाहेर जाऊन उभे राहतात. दुसरी नर्सिंगला असलेली एक मुसलमान मुलगी, आठवड्यातून तीन संध्याकाळी वाढायला येते. अथणी, रायबागकडच्या माणसांशी कानडीत बोलणारी ती एकटीच. आता एका नव्या विश्वस्तांनी फॉर्म आणला आहे : 'मी सश्रद्ध आहे, विठ्ठलभक्त आहे, हरिपाठास उपस्थित राहीन.' सही नाही तर सेवा नाही. मुलीबद्दल उघड कुणी बोललेलं नाही, पण महिनाभर तिला वाढायला न ठेवता मागे ताटं मोजायला बसवतात. पत्राच्या शेवटी दोन गोष्टी जाता जाता आल्या आहेत. मास्तरांनी मध्यंतरी रांगेतल्या एका बाईला 'अंगाऱ्यानं ताप उतरत नसतो' असं सुनावलं आणि ती बाई न जेवता निघून गेली. दुसरी गोष्ट २०१९ ची. पुराचं पाणी खोलीत शिरलं तेव्हा आठवडाभर एका जैन संस्थेच्या हॉलमध्ये चूल मांडावी लागली. 'तिथं कांदा, लसूण, बटाटा चालायचा नाही, दिवस मावळायच्या आत आटपावं लागायचं, फार तारांबळ व्हायची.' ताई विचारतात : भक्तीशिवाय सेवा होते का? सगळ्यांनाच घ्यायला लागलो तर आबांनी देवाच्या नावानं उभं केलेलं हे काम उद्या नुसती खानावळ होणार नाही का?

ताई,

तुमच्यासारख्या पत्राला एक तयार उत्तर असतं. माणुसकी हाच धर्म, देव सगळे एकच, घ्या सगळ्यांना, मिटला विषय. ते उत्तर मी देणार नाही. त्यात तुमची भीती कुणी ऐकूनच घेत नाही आणि तुमची भीती खोटी नाही. देवाच्या नावानं सुरू झालेलं काम हळूहळू देवाचं राहत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पाटीवर संताचं नाव उरतं आणि आत पावत्या फाडल्या जातात. तुमच्या आबांनी विठ्ठलाचं नाव घेऊन पहिली चूल पेटवली. ते नाव पुसलं जाऊ नये असं सुनेला वाटतं, यात संकुचित काही नाही.

मला अडतं ते पुढच्या पायरीवर. ते नाव पुसलं जातं कशानं?

अशी दोन-तीन अन्नछत्रं मी जवळून पाहिली आहेत. एका ठिकाणी रोज हरिपाठ म्हणणारे काका थकले आणि त्यांच्या जागी पेनड्राइव्ह आला. दुसऱ्या ठिकाणी विश्वस्त वर्षातून एकदा, बुंदीच्या दिवशी उगवायचे. तिसऱ्या ठिकाणी वार्षिक अहवालात फक्त ताटांचा आकडा असायचा, आणि तो दरवर्षी वाढलाच पाहिजे असा हट्ट. या तिन्ही ठिकाणी नास्तिक औषधालाही नव्हता. सगळे सश्रद्ध होते, सगळे फॉर्मवर डोळे मिटून सही करणारे. खानावळ त्यांनीच केली.

म्हणून आधी एक करून बघा. पुढचे पंधरा दिवस हरिपाठाला तुमच्या वीस-बावीस जणांपैकी कितीजण सुरुवातीपासून बसतात, ते मनातल्या मनात मोजा. कुणाला सांगू नका. मास्तर बाहेर उभे असतात हे सगळ्यांना दिसतं, कारण ते दारात उभे असतात. त्याच वेळी मागच्या बाजूला मोबाइल बघत भाकरी मोजणारे किती आहेत, ते दिसत नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न : भक्तीशिवाय सेवा होते का? करणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तुम्ही ज्याला सेवा म्हणता तिच्यात विठ्ठल आहेच. तो काढला तर तुमच्या दृष्टीनं उरतं ते काम. मास्तर त्याला कामच म्हणत असतील, आणि त्यांना तेवढं पुरत असेल. एकाच पातेल्यातल्या आमटीला दोघं दोन नावं देताय. आतापर्यंत सहा वर्षं त्यानं आमटी नासलेली नाही.

पण ताटासमोर बसलेल्या माणसाच्या बाजूनंही एकदा बघा. माझी आई २००९ मध्ये मिरजेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. मिरजेला हे नवं नाही, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून आपल्या भागातली कितीतरी घरं ख्रिस्ती संस्थेच्या खाटेवर बरी होऊन आपापल्या देवाला नारळ फोडत आली आहेत. तर, आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक सिस्टर आली आणि म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" आई म्हणाली, "कर की. पण जरा अंबाबाईलापण सांग." सिस्टर हसली आणि तिनं प्रार्थना केली. अंबाबाईचं नाव घेतलं की नाही, मला ऐकू आलं नाही. त्याच वॉर्डात रात्रपाळीला असलेला वॉर्डबॉय कवठेमहांकाळकडचा धनगर होता, कपाळाला भंडारा लावून यायचा. आईला उचलून कुशीवर वळवायचं ते त्यानं. दवाखाना ख्रिस्ती होता, प्रार्थना येशूची होती, भिंतीवर क्रूस होता, आणि भंडाऱ्याच्या बोटांनी त्यातलं काहीही पुसलं गेलं नव्हतं. त्या अकरा दिवसांत मला फक्त दोन गोष्टींशी मतलब होता. वळवताना आईला दुखतंय का, आणि सिस्टरनं विचारलं की गृहीत धरलं.

तिनं विचारलं होतं. हे 'विचारलं' मला पुढं लागणार आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांवर. त्या आठवड्यात तुमची पातेली जैन संस्थेच्या हॉलमध्ये चढली. तारांबळ झाली असणारच. दीडशे माणसांची आमटी बटाट्याशिवाय, कांद्याशिवाय, आणि तीही दिवेलागणीच्या आत! पण ताई, त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते आठवा. तुम्ही अरिहंतांना मानता का, असं विचारलं? णमोकार मंत्राला उपस्थित राहा म्हणाले? त्यांनी फक्त त्यांच्या छपराखाली काय चालतं आणि काय चालत नाही ते सांगितलं. नियम कडक होते. तुम्ही ते पाळले, आठवडाभर विठ्ठलाचं नाव घेतलंत, आणि हॉल जैनांचाच राहिला.

तुमच्या फॉर्मला माझं उत्तर हेच आहे. माणसाकडून वागणूक मागा. मनात काय आहे त्यावर सही मागू नका.

याला एक अगदी व्यवहारातलं कारणही आहे. श्रद्धेचा फॉर्म काम उलटं करतो. ज्याला खोटं बोलायला काही वाटत नाही तो सही करून आत येतो. ज्याला वाटतं तो बाहेर जातो. मास्तर सही करणार नाहीत, कारण ते खोटं लिहायला तयार नाहीत. आणि याच माणसाच्या हातात तुम्ही सहा वर्षं रोज मंडईचे पैसे देताय. हिशेबाला बसवायचा माणूस निवडताना तुम्हाला आणखी कुठला गुण हवा होता? उद्या सही करणारा एखादा भाविक मिळेलही. मेथीच्या पेंढीचा भाव तो तुम्हाला काय सांगतो, ते मग बघू.

सगळीकडे सगळ्यांना घ्यावं असं मात्र मी म्हणत नाही, आणि इथं माझे पुरोगामी मित्र माझ्यावर रागावतील. काही कामांत श्रद्धा हेच काम असतं. कीर्तनाला उभा राहणारा, नैवेद्याचं ताट करणारा, मुलांना हरिपाठ शिकवणारा, आजारी माणसाशेजारी बसून त्याच्यासाठी नामस्मरण करणारा; यासाठी तुम्ही 'आम्हाला वारकरीच हवा' म्हणालात तर त्यात काही चूक नाही. चर्चनं प्रार्थना घ्यायला ख्रिस्ती माणूस मागावा, दर्ग्यातल्या फातिहाला मुसलमान असावा, तसंच ते. आणि सगळ्यात महत्त्वाची जागा विश्वस्तांची. आबांच्या कामाची दिशा ठरवणारी पाच-सात माणसं वारकरी परंपरेतलीच असावीत असं तुम्हाला वाटत असेल तर ते ट्रस्टच्या घटनेत लिहा. घटना दुरुस्त करायची रीत आहे, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ती तुम्हाला सांगतील. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हे सेक्रेटरी म्हणून तुम्हाला ठाऊक असेलच. (फॉर्म आणणाऱ्या नव्या विश्वस्तांच्या नावाचा तो दाखल झालाय ना? सहज विचारलं.) १९५० चा आपला ट्रस्टचा कायदा विश्वस्तांवर जबाबदाऱ्या टाकतो. भाकरी वाढणाऱ्याचा धर्म तो विचारत नाही. राज्यघटनेच्या २६ व्या कलमानं धार्मिक संप्रदायांना धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी संस्था काढण्याचा, चालवण्याचा, धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण बघण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे अमुक माणूस सेवेला नको, असं म्हणायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. हक्क आहे. तो वापरून आबांचं काम वाढतं की आकसतं, एवढाच प्रश्न उरतो.

देव सांभाळायचा तर कण्याशी सांभाळा. विश्वस्त, हरिपाठ, पाटी, नैवेद्य. कोथिंबीर निवडणाऱ्या बोटांशी नको.

आता मास्तर. मला वाटतं त्यांच्याबद्दलची तुमची खरी तक्रार श्रद्धेची नाहीच. हरिपाठाला ते सहा वर्षं बाहेर उभे आहेत आणि वाद आत्ता पेटला. मधे काय झालं? अंगारा झाला. त्या प्रसंगात मास्तर चुकले, साफ चुकले. अंगाऱ्यानं ताप उतरत नाही, हे मलाही मान्य आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९८९ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ उभी केली तेव्हापासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी यावर भाषणं झाली, वाद झाले, प्रयोग दाखवले गेले. ते व्हायलाच हवं. पण सभेत ज्याला पटत नाही तो उठून जाऊ शकतो. अन्नाच्या रांगेतली बाई कुठं जाणार? तिचा नवरा वर आयसीयूत आहे, पिशवीत अंगाऱ्याची पुडी आहे, पोटात सकाळचा चहा आहे. तिच्या हातातलं ताट तुमच्या हातात असताना तिला शहाणं करायला निघणं ही जबरदस्तीच झाली. ती उपाशी गेली. ती औषध बंद करून नुसता अंगारा लावणार होती, असं असतं तर नर्सिंगच्या मुलीला बोलावून दोन शब्द समजावायला हवे होते. तसं काही पत्रात दिसत नाही.

मास्तरांना हे सांगा. तुम्ही स्वतः सांगा, चहाला बोलावून, बैठकीत नको. "मास्तर, तुम्ही देव मानत नाही, ते तुमच्यापाशी. रांगेत मात्र त्यावर बोलायचं नाही." मला वाटतं ऐकतील. आयुष्यभर वर्गात उभा राहिलेल्या माणसाला पुढं चार डोकी दिसली की शिकवावंसं वाटतं, हा पेशाचा दोष आहे. (माझाही आहे, हे सदर त्याचंच फळ.)

पण मग हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लागतो आणि तो तुम्हाला जरा जड जाईल. त्याच २०१९ च्या पुरात एका तात्पुरत्या छावणीत मी चादरी वाटायला होते. शेजारच्या टेबलावर एक गट बिस्किटं आणि औषधं देत होता. आधी त्यांच्या श्रद्धास्थानाचा जयजयकार करायचा, मग पुडा हातात. पोरं आनंदानं ओरडत होती, पोरांना काय. एक म्हातारे गृहस्थ होते, अंगावर भिजलेला सदरा. त्यांनी पुडा घेतला, दोन क्षण थांबले, टेबलावर परत ठेवला आणि गेले. कुठल्या धर्माचा गट होता ते सांगत नाही. तुम्ही ज्याचा अंदाज कराल तो नसेलच असं नाही. वाटणारी सगळी माणसं मनापासून भाविक होती, तुमचा फॉर्म त्यांनी हसत भरला असता.

म्हणून तुमच्या हरिपाठाबद्दल विचारते. जेवायला आलेल्यांना त्याला बसावं लागतं का? सक्ती नसेल, पण जो बसत नाही त्याला ताट शेवटी मिळतं का? अथणीहून आलेला लिंगायत माणूस, मिरजेचा मुसलमान रिक्षावाला, यांना माहीत आहे का, की बाहेर बाकावर बसून वाट बघितली तरी ताट मिळतं? तसं माहीत नसेल तर उद्यापासून रोज एक माणूस बाहेर पाठवून सांगा. हरिपाठ थांबवू नका, आवाज कमी करू नका. सिस्टरनं माझ्या आईला विचारलं तसं विचारा, एवढंच.

आणि सांगायला कुणाला पाठवाल? बाहेर एक माणूस उभा असतोच की रोज.

मुलीबद्दल मला जास्त राग आला, ते स्पष्ट सांगते. मास्तरांसमोर निदान कागद तरी ठेवलाय. तिला काही न सांगता मागे बसवलं. 'उघड कुणी बोललेलं नाही' हे वाक्य तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय, मला त्यात दिलासा दिसला नाही. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, तिला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? ती येतेय अजून, हेच नवल. तिच्या हातचं वाढलेलं नको अशी कुणाची अडचण असेल तर त्या माणसानं ते तोंडानं म्हणावं. म्हणजे निदान कळेल की अडचण सोवळ्याची आहे, शेजाऱ्यांच्या बोलण्याची आहे की आणखी कशाची. सोवळ्याची असेल तर वारकऱ्यांच्या घरात हा वाद फार जुना आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना या परंपरेनं संत म्हणून मांडीला मांडी लावून बसवलं, ते नुसतं अभंगापुरतं नव्हतं.

आपल्या जिल्ह्यातले दाखले तर कुणीही देईल. हिंदू-मुसलमान मिळून काढतात ते कडेगावचे ताबूत, गोटखिंडीत मशिदीत बसणारा गणपती, मिरजेच्या दर्ग्यात चर्मकार समाजाच्या गलेफाचा, म्हणजे मजारीवर चढवायच्या चादरीचा मान. मला ते प्रिय आहेत. पण भर बैठकीत ते फेकू नका. गोटखिंडीचा गणपती ऐकून कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. समोरचा म्हणतो, 'ते त्यांचं वर्षातून एकदाचं, आमचं रोजचं आहे,' आणि त्यात थोडं तथ्यही असतं. सणाचा सलोखा सोपा असतो. रोज संध्याकाळी एकाच कळशीतून पाणी वाढणं वेगळं.

तिला परत वाढायला ठेवा, आणि ठेवताना एक चूक टाळा. तिचा फोटो काढून ट्रस्टच्या ग्रुपवर 'आमच्याकडे सर्वधर्मसमभाव' असं टाकू नका. ती तुमचं प्रमाणपत्र व्हायला येत नाही, भाकरी वाढायला येते. रमजानमध्ये संध्याकाळची वेळ तिला जमेल का, ते आधी विचारा. तिनं प्रसाद घेतला नाही तर त्याची चर्चा करू नका. घेतला तर त्याचीही करू नका. तिच्या कानडीचं मोल मात्र चारचौघांत बोलून दाखवा. दीडशे माणसांत एखाद्या आजीला कळणाऱ्या भाषेत 'अजून घ्या, आजी' म्हणणारं कुणीतरी आहे, ही साधी गोष्ट नाही.

नव्या विश्वस्तांबद्दल तुम्ही कमीच लिहिलंय, पण तांदळाची पोती त्यांच्याकडून येतात हे ओळींच्या मधून कळतं. त्यांना दुष्ट ठरवू नका. त्यांची भीती आणि तुमची भीती सख्ख्या बहिणी आहेत. त्यांना फॉर्मवरून तोडण्यापेक्षा त्यांच्या भीतीला काम द्या : आठवड्यातून दोन दिवस हरिपाठ त्यांनी घ्यावा, आबांचा फोटो नीट फ्रेम करून लावावा, आषाढीला सेवेकऱ्यांना पंढरपूरला न्यावं. देवाचं नाव टिकवायची खरंच तळमळ असेल तर ते आनंदानं करतील. नुसतं माणसं गाळायचीच असतील तर तेही कळेल. कदाचित ते रागावून जातील आणि पोती बंद होतील. हा तोटा खरा आहे. त्याची तयारी म्हणून आत्ताच दोन-चार छोट्या देणगीदारांशी बोलून ठेवा.

फॉर्मच्या जागी भिंतीवर लावायला एक कागद करा. मी लिहिला असता तर असा : 'हे काम विठ्ठलाच्या नावानं चालतं. आत चपला, तंबाखू, मांसाहार नाही. एकादशीला कांदा-लसूण नाही. हरिपाठाला बसणं ज्याच्या त्याच्या मनावर. त्या वेळात बाहेर गप्पा नाहीत. जेवणाऱ्याला जात, धर्म, आडनाव विचारायचं नाही. त्याच्यापुढं देवाचा प्रचार नाही, देव नाही याचाही प्रचार नाही. ज्याला खोकला, ताप, जुलाब, त्यानं त्या दिवशी पातेल्याजवळ यायचं नाही.' शेवटची ओळ हसण्यावारी नेऊ नका. अन्न सुरक्षेचा २००६ चा कायदा नफ्यासाठी असो वा नसो, अन्न देणाऱ्या सगळ्या उद्योगांना धरून चालतो. तुमची नोंदणी झाली आहे का, स्वयंपाक करणाऱ्यांची तपासणी होते का, बघून घ्या. पाहुण्यांच्या पोटाला नास्तिकापासून धोका नाही, न धुतलेल्या हातापासून आहे.

कागदावरचं जो पाळेल तो राहील. मास्तर पुन्हा रांगेत बोलले तर त्यांना थांबवा. तो फॉर्मपेक्षा न्यायाचा निर्णय असेल. आणि समजा बैठकीत बहुमत फॉर्मच्याच बाजूनं पडलं, तरी त्यालाही एक सरळ रीत आहे. पाटीवर लिहा, 'सेवेकरी फक्त विठ्ठलभक्त.' दोघांना समोर बसवून सांगा, सहा वर्षांचे आभार माना, हिशेबाच्या वह्या त्यांच्यासमोर तपासून ताब्यात घ्या म्हणजे मागून कुणी काही बोलणार नाही. मला ते आवडणार नाही, पण ती उघड गोष्ट असेल. न बोलता मागे ताटं मोजायला बसवणं त्याहून वाईट.

मास्तरांच्या जागी असलेले काही वाचकही हे वाचत असतील. तुम्हाला दोन ओळी. दुसऱ्याच्या देवाच्या छपराखाली काम करायला जाताना एक गोष्ट मनाशी आधी मिटवून घ्या : तुमचे कष्ट त्यांच्या देवाच्या खात्यावर जमा होणार. लोक म्हणणार, 'विठ्ठलानं जेवायला घातलं.' भाजी तुम्ही आणली, हे कुणी म्हणणार नाही. हे सोसवत नसेल तर तिथं जाऊ नका, रक्तपेढी आहे, वाचनालय आहे, पूर आला की तर काय कामच काम आहे. सोसवत असेल तर जा आणि त्यांना सुधारायला मात्र जाऊ नका.

ताई, बैठकीची तारीख तुम्ही ठरवणार असाल तर एकादशी टाळा. उपाशी पोटी माणसं जास्त ताणतात. संध्याकाळचं वाढून झाल्यावर, तिथंच, उरलेल्या आमटी-भातावर बसा. दोघांनाही बोलवा. मास्तर त्या दिवशीचा हिशेब वाचून दाखवतील, तिथूनच सुरुवात करा.